हाताने मतमोजणी : एकट्या मतदाराची निवड की सर्व मतदारांचा हक्क?
(बालाघाट जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

मतदान यंत्रावर विश्वास नसलेल्या मतदाराला कागदी मतपत्रिका मागण्याची आणि ती हाताने मोजून घेण्याची मुभा असावी, अशी सूचना गेल्या काही वर्षांत वारंवार पुढे आली आहे. सूचना वरकरणी साधी आणि न्याय्य वाटते. ज्याला यंत्र हवे त्याने यंत्र वापरावे, ज्याला कागद हवा त्याने कागद वापरावा, यात कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न विद्यार्थीही विचारतात. कम्युनिटी कॉलेजात नागरिकशास्त्र वा राज्यशास्त्राचे तास घेणाऱ्या अध्यापकांना या प्रश्नाचे उत्तर पक्षीय वादात न शिरता देता यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यासाठी मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्हा हा विशेष उपयोगी आहे. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांना लागून असलेल्या व १९५६ पर्यंत नागपूरसह एकाच राज्यात असलेल्या या जिल्ह्यातील मतदाराने थोड्याच काळात मोजणीच्या तीन निरनिराळ्या पद्धती अनुभवल्या आहेत.

बालाघाटचा मतदार आणि मोजणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत पंचायत निवडणुकीची. जून-जुलै २०२२ मध्ये मध्यप्रदेशात तीन टप्प्यांत पंचायत निवडणुका झाल्या. पंच, सरपंच, जनपद सदस्य व जिल्हा पंचायत सदस्य या चार पदांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या कागदी मतपत्रिका होत्या. पंच व सरपंच या पदांची मोजणी साधारणपणे मतदान संपल्यावर केंद्रावरच झाली. गावकऱ्याने सकाळी शिक्का मारलेली मतपत्रिका त्याच शाळेच्या खोलीत, उमेदवारांच्या माणसांसमोर उलगडली गेली. त्याच सुमारास राज्यातील नगरपालिका व महानगरपालिकांसाठी मात्र यंत्रे वापरली गेली.

दुसरी पद्धत विधानसभेची. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बैहर, लांजी, परसवाडा, बालाघाट, वारासिवनी आणि कटंगी या सहा मतदारसंघांत यंत्रावर मतदान झाले. नक्षलग्रस्त भाग म्हणून बैहर, लांजी व परसवाडा येथे मतदान दुपारी ३ वाजताच संपविण्यात आले. तेथून यंत्रे सुरक्षा कक्षात आली आणि ३ डिसेंबरला मोजणी झाली. मत देणे आणि मत मोजणे यांच्यामध्ये १६ दिवसांचे अंतर होते.

तिसरी पद्धत टपाली मतपत्रिकेची. सैनिक आणि निवडणूक कामावरील कर्मचारी यांच्यासाठी ती पूर्वीपासून आहे. २०१९ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ८० वर्षांवरील वृद्ध आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेले मतदार यांनाही ती खुली झाली; मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८५ वर्षे करण्यात आली. असा मतदार अधिसूचनेनंतर ५ दिवसांच्या आत नमुना १२-ड भरून देतो. मग मतदान पथक त्याच्या घरी येते, तो कागदावर मत नोंदवितो, आणि ते मत हाताने मोजले जाते.

ही तिसरी पद्धत येथे महत्त्वाची आहे. देशात मतदाराला यंत्र की कागद अशी खरी निवड आज फक्त येथेच मिळते. मात्र कायद्याने ती अविश्वासासाठी दिलेली नसून, केंद्रापर्यंत पोहोचण्याच्या अडचणीसाठी दिली आहे.

कायद्यात निवड कोणाची?

१९ मे १९८२ रोजी केरळमधील परवूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर प्रथमच मतदान यंत्र वापरले गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. सी. जोस खटल्यात त्यास कायद्याचा आधार नाही असा निर्णय दिला. म्हणून लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये कलम ६१-अ घालण्यात आले व ते १९८९ मध्ये अंमलात आले. कोणत्या मतदारसंघात यंत्र वापरायचे हे परिस्थिती पाहून निवडणूक आयोगाने ठरवावे, असे या कलमाचे सार आहे. म्हणजे निवड आहे, पण ती आयोगाची आहे, मतदाराची नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्यप्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरण्यात आली आणि २००४ ची लोकसभा निवडणूक संपूर्ण देशात यंत्रावर झाली.

कागदाच्या काळातील अडचणीही विसरता येत नाहीत. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी मोठ्या संख्येने अर्ज भरल्यामुळे बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. अशा वेळी मतपत्रिका म्हणजे एक पुस्तिकाच होते. ती छापणे, वाटणे, घडी घालणे आणि मोजणे हे सर्वच जिकिरीचे होते. त्याच वर्षी संसदेने अनामत रक्कम वाढविली आणि अपक्षांसाठी दहा सूचकांची अट घातली. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडल्याने किंवा दोन ठिकाणी मारल्याने मत बाद होणे, एकाच टोळक्याने मतपत्रिकांच्या गड्ड्यावर भराभर शिक्के मारणे, हे प्रकारही कागदाबरोबर येत. यंत्राने हे दोन्ही दोष बऱ्याच अंशी आटोक्यात आणले. पण केंद्रात बसलेल्या साध्या माणसाला मोजणी डोळ्यांनी पाहण्याचे जे समाधान होते ते यंत्राबरोबर गेले. आजच्या वादाचे मूळ येथे आहे.

महाराष्ट्रातील दोन प्रयत्न

मतदाराला पर्याय देण्याचा सर्वांत स्पष्ट प्रयत्न महाराष्ट्रात झाला. फेब्रुवारी २०२१ च्या आरंभी विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष नाना पटोले यांनी विधानसभा व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान यंत्राबरोबरच मतपत्रिकेचा पर्याय मतदाराला मिळावा यासाठी कायद्याचा मसुदा तयार करण्याची सूचना केली. आधार दिला गेला तो राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२८ चा. हा अनुच्छेद राज्य विधिमंडळाला निवडणूकविषयक कायदा करण्याचा अधिकार देतो. परंतु संसदेने ज्या बाबतीत तरतूद केलेली नाही तेवढ्यापुरताच. विधानसभेच्या मतदानासाठी कलम ६१-अ आधीच असल्याने तेथे राज्याचा मार्ग अरुंद होता. स्थानिक संस्थांचे तसे नाही. त्या निवडणुका राज्याच्या कायद्याने व राज्य निवडणूक आयोगामार्फत होतात. म्हणूनच मध्यप्रदेशात पंचायतीला कागद आणि नगरपालिकेला यंत्र अशी विभागणी होऊ शकली. त्याच आठवड्यात पटोले यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि तसा कायदा पुढे झाला नाही.

दुसरा प्रयत्न सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या मारकडवाडी गावाचा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गावातील केंद्रांवरचे आकडे काही ग्रामस्थांना पटले नाहीत. त्यांनी स्वखर्चाने ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर मतदान घेऊन पडताळा पाहण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदीचा आदेश काढला आणि ग्रामस्थांना बेत सोडावा लागला. असे मतदान झाले असते तरी त्याला कायद्याचे बळ नव्हते. शिवाय निकाल माहीत झाल्यानंतर, शेजाऱ्यांच्या देखत घेतलेले दुसरे मतदान पहिल्याची खरी परीक्षा ठरू शकत नाही. तथापि गावाने विचारलेला मूळ प्रश्न, आमचे मत मोजले गेले हे आम्हाला कसे कळावे, हा गैर नव्हता.

वैयक्तिक निवडीतील मुख्य अडचण : गुप्तता

समजा एका केंद्रावर ९०० जणांनी मतदान केले. त्यांपैकी १२ जणांनी कागद मागितला. यंत्राचा निकाल केंद्रनिहाय जाहीर होतो. तसाच कागदाचाही जाहीर झाला आणि बाराही मते एकाच उमेदवाराला पडली, तर बारा माणसांचे मत उघड झाले. कागद मागताना त्यांना सर्वांनी पाहिलेलेच असते. बारांपैकी अकरा मते एका बाजूला पडली तरी संशयाला पुरेशी जागा उरते. पुढे जाऊन, कागद मागणे हीच एका पक्षाची खूण मानली जाऊ लागली, तर मतपत्रिका उघडण्याचीही गरज राहणार नाही. खेड्यातील लहान मोहल्ला, मजुरांची वस्ती, आदिवासी पाडा अशा ठिकाणी याचा परिणाम काय होईल हे वेगळे सांगावयास नको. जे संख्येने थोडे आणि मालकावर, सावकारावर वा कंत्राटदारावर अवलंबून, त्यांना गुप्ततेची गरज सर्वांत जास्त. आणि हा पर्याय प्रथम त्यांचीच गुप्तता घालवितो.

ही भीती काल्पनिक नाही. निवडणूक नियमांतील ४९-ओ या नियमानुसार कोणालाच मत न देण्याचा पर्याय मतदाराला होता; पण त्यासाठी केंद्राध्यक्षासमोर नोंदवहीत शेरा मारून सही वा अंगठा द्यावा लागे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार गुप्ततेचा भंग करणारा ठरविला आणि त्याऐवजी सर्वांसाठी यंत्रावरच 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण ठेवण्याचा आदेश दिला. जो पर्याय वापरताना मतदार चारचौघांत वेगळा दिसतो तो पर्याय गुप्त मतदानाशी जुळत नाही, हे या निर्णयाचे तत्त्व कागदाच्या पर्यायालाही लागू पडते.

यावर उपाय नाही असे नाही. अनेक केंद्रांचे कागद एकत्र मिसळून मग मोजता येतात. मतपत्रिकांच्या काळात दहशतीची शंका असलेल्या मतदारसंघांत असे मिश्रण करण्याची तरतूद नियम ५९-अ मध्ये करण्यात आली होती. यंत्रांसाठी अनेक केंद्रांची बेरीज एकत्र दाखविणाऱ्या 'टोटलायझर' या उपकरणाचा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये मांडला व विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याचा पुरस्कार केला. तो अंमलात आलेला नाही. घरून मतदान करणाऱ्या वृद्धांची गुप्तता टिकते तीही यामुळेच. त्यांची पाकिटे संपूर्ण मतदारसंघाची एकत्र येतात; प्रथम बाहेरचे पाकीट व घोषणापत्र तपासले जाते, आणि मतपत्रिकेचे आतले पाकीट वेगळे करून नंतर उघडले जाते. पण मिश्रण केले की केंद्रनिहाय पडताळा नाहीसा होतो, आणि मारकडवाडीला नेमका तोच हवा होता. गुप्तता आणि गावापुरती पडताळणी या दोन गोष्टी एकाच पर्यायातून पूर्ण मिळत नाहीत.

कागद असला म्हणजे विश्वास असतोच असे नाही

बालाघाटचा दुसरा धडा येथे उपयोगी पडतो. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे मोजणीच्या ६ दिवस आधी, येथील सुरक्षा कक्षात कर्मचारी टपाली मतपत्रिका हाताळीत असल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. काँग्रेस पक्षाने गैरप्रकाराचा आरोप केला. मोजणी झालेली नाही, मतदारसंघनिहाय वर्गीकरण करून गठ्ठे बांधण्याचे नेहमीचे काम चालू होते, असा खुलासा प्रशासनाने केला. कार्यपद्धतीतील त्रुटीबद्दल टपाली मतदानाचे काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्यास निलंबित करण्यात आले.

ज्या मतांबद्दल हा संशय निर्माण झाला ती यंत्रातील मते नव्हती, हाताने मोजावयाची कागदी मते होती. कागद डोळ्यांना दिसतो, पण तो मतदानापासून मोजणीपर्यंत कोणाच्या ताब्यात होता, खोली कोणी आणि कोणासमोर उघडली, हे दिसले नाही तर त्याचा उपयोग राहत नाही. पंचायतीच्या मोजणीवर गावकऱ्याचा विश्वास बसतो तो केवळ कागदामुळे नव्हे. पेटी त्याच्या नजरेआड झालेली नसते म्हणून. कुरआनच्या सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्यावर साक्षीदारही असावेत अशी शिकवण आहे. लेख आणि साक्ष या दोन्ही बाबी तेथे सोबत सांगितल्या आहेत. एक असली की दुसरी नको असे म्हटलेले नाही. मताची अमानत सांभाळण्यासही हाच न्याय लावता येतो.

हाताने मोजलेले कागद निकाल फिरवू शकतात याचे उदाहरण मुंबईतील आहे. ४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ व रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. टपाली मते अनुक्रमे १,५०१ व १,५५० पडली आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिकांची फेरतपासणी करावी लागली. कागदी मत बाद होऊ शकते, आणि बाद मतांची संख्या विजयाच्या फरकापेक्षा मोठी असू शकते, हे यावरून दिसते.

मग हाताने मोजणी किती आणि कोणाची?

व्यक्तीच्या पर्यायाऐवजी सर्वांच्या मतांचा कागदी पुरावा ठेवावा आणि त्यातील काही भाग हाताने मोजावा, हा मधला मार्ग भारतात स्वीकारला गेला आहे. ८ ऑक्टोबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर व्हीव्हीपॅट टप्प्याटप्प्याने आले. बटण दाबल्यावर चिठ्ठी ७ सेकंद काचेतून दिसते व खाली पेटीत पडते. ८ एप्रिल २०१९ च्या आदेशाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील चिठ्ठी टाकून निवडलेल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जाऊ लागल्या. २६ एप्रिल २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना व न्या. दीपंकर दत्ता यांच्या खंडपीठाने मतपत्रिकेकडे परत जाण्याची, सर्व चिठ्ठ्या मोजण्याची आणि चिठ्ठी मतदाराच्या हातात देऊन पेटीत टाकू देण्याची, अशा तिन्ही मागण्या अमान्य केल्या. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ७ दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल असे ठरविले.

५ केंद्रे पुरेशी आहेत काय, हा प्रश्न गणिताने समजावून देता येतो. समजा एका विधानसभा क्षेत्रात ३०० केंद्रे आहेत व त्यांपैकी १५ केंद्रांवर गडबड आहे. ५ केंद्रे निवडली तर त्यांत एकही सदोष केंद्र न येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के आहे. म्हणजे दोष सापडण्याची शक्यता केवळ २३ टक्के. बालाघाट लोकसभा मतदारसंघात बरघाट व सिवनी धरून ८ विधानसभा क्षेत्रे आहेत, म्हणून तेथे ४० केंद्रे मोजली जातात. दोषाचे प्रमाण तेवढेच धरले तर तो सापडण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के होते. नियम एकच, पण लोकसभेला त्याचे बळ पुष्कळ आणि विधानसभेला थोडे. म्हणून 'सर्व मोजा' आणि 'मोजूच नका' या दोन टोकांपेक्षा, निकालाचा फरक जितका कमी तितकी अधिक केंद्रे मोजा, ही मागणी अधिक तर्कशुद्ध आहे. अमेरिकेतील काही राज्यांत याच तत्त्वावर नमुना तपासणी होते.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी त्या देशातील यंत्रे घटनाबाह्य ठरविली. मोजणीचे मुख्य टप्पे कोणत्याही नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, हे त्यामागचे कारण होते. तेथेही न्यायालयाने एकेका मतदाराला पर्याय दिला नाही. तपासणी हा सर्वांचा हक्क मानला आणि सर्वांसाठी एकच पद्धत ठेवली.

आज उपलब्ध असलेले हक्क

पुढील तरतुदी विद्यार्थ्यांना माहीत असणे अगत्याचे आहे :

१) नमुना १७-क : मतदान संपल्यावर केंद्रात किती मते नोंदली गेली याची प्रत मतदान प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी हा आकडा यंत्राशी जुळला पाहिजे.

२) नियम ४९-एमए : चिठ्ठीवर चुकीचे नाव दिसल्यास मतदार लेखी घोषणा करून, प्रतिनिधींच्या समोर चाचणी मत देऊ शकतो. तक्रार खरी ठरल्यास त्या यंत्रावरील मतदान थांबते. खोट्या घोषणेस शिक्षा आहे.

३) नियम ५६-ड : उमेदवार वा त्याचा प्रतिनिधी कारणे देऊन एखाद्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज करू शकतो. निर्णय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा असतो. चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि फरक निघाला, तर चिठ्ठ्यांची संख्या ग्राह्य धरली जाते.

४) नमुना १२-ड : पात्र वृद्ध व अपंग मतदारांना घरून कागदावर मतदान.

यांपैकी पहिला व तिसरा हक्क प्रतिनिधीमार्फत वापरला जातो. प्रतिनिधी गैरहजर असेल, किंवा १७-क ची प्रत न घेताच घरी गेला, तर उत्तम नियमही निरुपयोगी होतो. आपल्या समाजातील सुशिक्षित तरुणांनी मतदान व मोजणी प्रतिनिधीचे काम शिकून घेणे हे या दृष्टीने मोठे नागरी कार्य आहे.

महाराष्ट्रातील वाचकांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट न वापरण्याचे जाहीर केले. तेथे मोजण्यासाठी चिठ्ठीच नसते. म्हणजे बालाघाटच्या पंचायत मतदाराला पूर्ण कागद, विधानसभेच्या मतदाराला यंत्र व चिठ्ठी, आणि महाराष्ट्राच्या नगरपालिका मतदाराला केवळ यंत्र अशी स्थिती झाली. स्थानिक निवडणुकीचा कायदा राज्याच्या हातात असल्याने सुधारणेची मागणी करण्यास येथेच सर्वांत अधिक वाव आहे.

वर्गासाठी एक उपक्रम

विद्यार्थ्यांकडून १०० कोऱ्या चिठ्ठ्यांवर काल्पनिक मते नोंदवून घ्यावीत. ९० चिठ्ठ्या एका पेटीत व १० चिठ्ठ्या, मागणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून, दुसऱ्या पेटीत टाकाव्यात. दोन्ही पेट्यांचे निकाल वेगवेगळे वाचावेत आणि दहा जणांना काय वाटले ते विचारावे. नंतर सर्व चिठ्ठ्या एकत्र करून दोन गटांकडून स्वतंत्रपणे मोजून घ्याव्यात. दोन गटांच्या बेरजेत फरक पडल्यास तो कसा शोधावा याची चर्चा करावी. गुप्तता, मिश्रण आणि साक्षीदारांची गरज या तिन्ही गोष्टी एका तासात स्पष्ट होतात.

निष्कर्ष

हाताने मोजणीची मागणी ही मुळात पाहण्याच्या हक्काची मागणी आहे आणि ती योग्य आहे. परंतु तो हक्क एकेका मतदाराला पर्याय म्हणून वाटून दिला, तर तो वापरणारा मतदार उघडा पडतो, आणि न वापरणाऱ्याच्या मताची पडताळणी काही वाढत नाही. तोच हक्क सर्वांच्या मतांवर ठेवला, म्हणजे प्रत्येक मताचा कागद, पुरेशा केंद्रांची हाताने मोजणी, आणि पेटीवर सतत साक्षीदार, तर कोणालाही आपली शंका जाहीर न करता खात्री मिळते. २०२३ च्या बालाघाटमध्ये कागद होता, मोजणीही हाताचीच होती; तरी सुरक्षा कक्षाच्या दाराशी विश्वासाला तडा गेला. म्हणून सुधारणेची सुरुवात त्या दारापासून व्हावयास हवी.